आधी अर्थिंग बघ

जुन्या ब्रिटिश गाडीत तपकिरी तारेत वीज कायम असते. गाडी बंद असो, चावी खिशात असो, गॅरेजला कुलूप असो. बॅटरी जोडलेली आहे तोवर तपकिरी तार जिवंत. पांढरीत वीज येते ती चावी फिरवल्यावर, आणि तिच्या वाटेत फ्यूज नसतो. पांढरीतली वीज फ्यूजमधून पलीकडे गेली की तार हिरवी होते. तपकिरीतली फ्यूजमधून गेली की जांभळी. लाल तार पार्किंगच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची आणि काळी परतीची, म्हणजे अर्थिंगची: वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते ती वाट. मुख्य रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर पत्ता आणखी नेमका होतो. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा, हिरव्यावर जांभळी म्हणजे ब्रेकचा दिवा. निळ्यावर पांढरी हाय बीमची, निळ्यावर लाल लो बीमची.

एवढं पाठ असलं की जुन्या ब्रिटिश गाडीचं बोनेट उघडून कुठलीही तार बोटात धरावी आणि ती कुठून आली, कुठे चालली, तिच्यात आत्ता वीज असायला हवी की नको, हे सांगता यावं. एमजी असो, ट्रायम्फ असो, जॅग्वार असो की लँड रोव्हर, रंग तेच. कारण विजेचं सामान एकाच घरचं, बर्मिंगहॅमच्या लुकसचं. जोसेफ लुकस हा माणूस आधी रॉकेल विकायचा, मग दिवे बनवू लागला. सायकलचे त्याचे ‘किंग ऑफ द रोड’ दिवे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध होते. पुढे ब्रिटनमधल्या बहुतेक मोटारींचे दिवे, डायनॅमो, सेल्फ, स्विच आणि तारा याच कंपनीतून येऊ लागल्या. तारांच्या रंगांची पद्धत नंतर ब्रिटिश मानक म्हणून छापली गेली, ‘बीएस एयू ७’ या नावाने.

आणि तरी या कंपनीला जुन्या गाड्यांच्या जगात पदवी मिळाली आहे ती ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी. इंग्लंडमध्ये कुठल्याही जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जा, कुणीतरी हा विनोद केल्याशिवाय राहत नाही. मला तो आवडत नाही. ज्यांनी पन्नास वर्षं टिकेल अशी, कुणालाही वाचता येईल अशी वायरिंग करून दिली त्यांच्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. गाडी अंधारात उभी राहते ती बहुतेक वेळा सांध्यामुळे. तारेमुळे क्वचित. सांधे म्हातारे होतात, गंजतात, आणि पुष्कळ सांधे तर कारखान्याने केलेलेच नसतात.

माझी गाडी १९७१ सालची एमजीबी आहे, दोन सीटांची, कापडी टपाची. थेम्सच्या काठच्या ॲबिंग्डन गावात १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या बनल्या. पाच लाखांहून जास्त. मग तो कारखाना बंद झाला. गाडी साधी आहे: १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, चार फ्यूज. या चारांतले दोन फ्यूज फक्त पार्किंगच्या दिव्यांचे, डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला एक. उरलेल्या दोनांतला एक हिरव्या तारांचा, एक जांभळ्या तारांचा. हेडलाइटला फ्यूज नाही, इग्निशनला नाही, पेट्रोल पंपाला नाही. म्हणून तारांना हात लावण्याआधी बॅटरी सोडवायची, हा नियम या गाडीत जास्तच पाळावा लागतो. उघड्या तपकिरी तारेला पाना लागला तर मध्ये अडवणारं काही नाही.

बॅटरी म्हणजे खरं तर दोन बॅटऱ्या, ६ व्होल्टच्या, एकीला एक जोडलेल्या. सीटांच्या मागे गालिच्याखाली एक पत्र्याचं झाकण आहे, त्याखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक, मधून मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट जातो. १९७४ च्या सुमारास कारखान्याने १२ व्होल्टची एकच बॅटरी बसवायला सुरुवात केली. माझ्या गाडीत मात्र अजून दोन आहेत, म्हणजे बॅटरीचेच चार टर्मिनल आणि मध्ये एक जोडकेबल. जागा इतकी अडचणीची की आधीच्या मालकांनी तिकडे वर्षानुवर्षं पाहिलेलंच नसतं.

या इंजिनाची आणि माझी ओळख मात्र इंग्लंडमधली नाही. माझे मामा साताऱ्यात पोवई नाक्याजवळ ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान चालवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे बाकड्यावर बसलेली असायचे. जीप, ट्रक आणि सरकारी पांढऱ्या ॲम्बेसेडर यायच्या. ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन आलं ते आणि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, ‘बी सिरीज’चं. पहिल्यांदा एमजीबीचं बोनेट उघडलं तेव्हा ठिणगी बनवणारी कॉइल कुठे, ती सिलिंडरांना वाटणारा डिस्ट्रिब्यूटर कुठे, हे शोधावं लागलं नाही. आणि लुकस हे नाव तर मामांच्या दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर होतं. चेन्नईजवळ पाडीला १९६१ मध्ये लुकस-टीव्हीएस निघाली. सेल्फ, डायनॅमो आणि पुढे अल्टरनेटर तिथून देशभर जायचे. महाराष्ट्रातल्या जुन्या वायरमनला लुकसची ओळख करून द्यावी लागत नाही. इंग्लंडमध्ये जो विनोद चालतो तो मी साताऱ्यात कधी ऐकला नव्हता.

मामांचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा एक बल्ब, होल्डरसकट. एका तारेला चिमटा, दुसरीला दाभण. चिमटा बॉडीला लावायचा, दाभण तारेत टोचायची. गाडी दुकानात आली की गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकत ऐकत मामा पहिला दिवा लावायचे तो बॅटरी आणि बॉडीच्या मध्ये. तक्रार हॉर्नची असो की वायपरची. आता मामा सत्तरी ओलांडून गेलेत, दुकान बंद आहे, पण व्हिडिओ कॉलवर माझ्या गाडीचं निदान करायला त्यांना आजही कंटाळा नाही.

“मामा, मागचा दिवा लागतोय. पण ब्रेक दाबला की विझतोय.”

“दोन्ही बाजूचं?”

“नाही, डावा एकटा.”

“मग बल्बला हात लावू नगंस पोरी. काळी तार बघ जा.”

हा बिघाड मला इतका आवडतो की तो नीट सांगते. मागच्या दिव्यात एका काचेत दोन तंतू असतात. ५ वॅटचा पार्किंगचा, २१ वॅटचा ब्रेकचा. दोघांना वीज वेगवेगळ्या तारांनी येते, परतीची वाट मात्र एकच, बल्बच्या पितळी अंगातून होल्डरला आणि तिथून बॉडीला. ही परतीची वाट गंजून तुटली की वीज थांबून राहत नाही, ती दुसरी वाट शोधते. पार्किंगची वीज ५ वॅटच्या तंतूतून बल्बच्या अंगात येते, तिथे बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ती २१ वॅटच्या तंतूतून उलटी ब्रेकच्या तारेत शिरते, गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या ब्रेक दिव्यापर्यंत जाते आणि त्याच्या चांगल्या अर्थिंगमधून परत येते. २१ वॅटच्या तंतूंचा अडथळा ५ वॅटच्या मानाने फारच थोडा, त्यामुळे ५ वॅटचा तंतू जवळजवळ पूर्ण उजेड देतो. दिवा लागलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग ब्रेक दाबायचा. आता ब्रेकच्या तारेतही १२ व्होल्ट आले. तंतूच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, वीज वाहायला उतारच नाही. दिवा विझतो.

पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला तर याच्या उलट घडतं. ब्रेकची वीज ५ वॅटच्या तंतूतून लाल तारेत शिरते आणि गाडीच्या पुढच्या टोकाचा पार्किंग दिवा मंद पेटतो. मागे ब्रेक दाबला आणि पुढे दिवा लागला, हे पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडीत काहीतरी अघोरी चाललंय असंच समजेल. पण कागदावर चार रेघा काढल्या की प्रत्येक दिवा का लागतो आणि का विझतो ते उलगडतं. वीज नियमाबाहेर काहीच करत नाही. माझ्या डाव्या दिव्याची काळी तार डिकीत बॉडीला जिथे जोडली होती तिथला पत्रा पांढरा-हिरवा पडला होता. मी राहते त्या इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ होऊ नये म्हणून मीठ टाकतात. ते चाकांनी उडतं, फटीत बसतं आणि तांब्याला खातं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, तारेच्या टोकाला नवा लग, म्हणजे धातूची कडी, लावला, स्क्रू आवळला, वरून पेट्रोलियम जेली. खर्च जवळपास शून्य.

अर्थिंगचा सर्वांत धोकादायक प्रकार इंजिनाचा. इंजिन रबराच्या गादीवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून वेगळं. दोघांना जोडणारी एक जाड विणीची पट्टी असते, आणि इंजिन उतरवून परत बसवताना ती लावायची राहून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. सेल्फ मारताना शंभराहून कितीतरी जास्त अँपिअर वीज लागते. पट्टी नसेल तर ती सगळी वीज इंजिन आणि बॉडीला जोडणारी जी कुठली धातूची वस्तू सापडेल तिच्यातून परत जाते, आणि ती वस्तू बहुधा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारताना चोकची मूठ गरम लागली किंवा केबलमधून धूर आला तर चोक बदलायचा नाही. पट्टी शोधायची.

मल्टीमीटरबद्दल मला थोडं बोलायचं आहे, कारण नव्याने जुनी गाडी घेतलेले लोक याच जागी सर्वांत जास्त पैसे घालवताना दिसतात. हेडलाइट मंद आहे. होल्डरमधून बल्ब काढला, मीटरच्या दोन सुया टर्मिनलला लावल्या, १२.६ व्होल्ट. म्हणजे वीज पुरेपूर येतेय, म्हणजे बल्ब खराब. नवा बल्ब आणला, तोही मंद. मीटरचं वाचन बरोबर होतं, पण प्रश्न चुकीच्या वेळी विचारला गेला. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. तारेतले सगळे धागे तुटून एकच उरला असेल, तरी त्या एका धाग्यातून मीटरपुरती वीज सहज येते आणि तो १२.६ दाखवतो. ६० वॅटचा दिवा लावला की त्याच तारेतून ५ अँपिअर जायला हवेत, आणि तिथे खरं काय ते बाहेर पडतं. मामांच्या दाभणीच्या दिव्याचं मोठेपण यातच आहे. तो वीज ओढतो. अर्धमेली तार त्याच्यापुढे लपत नाही.

मीटर वापरायचा तर दिवा लागलेला असताना वापरायचा, आणि दाब किती आहे यापेक्षा कुठे किती गळतोय हे मोजायचं. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी लागलेल्या दिव्याच्या अंगावर. शून्याच्या जवळ यायला हवं. तिथे एक व्होल्ट दिसला तर तो व्होल्ट परतीच्या वाटेवर खर्च होतोय. मग दुसरी सुई एकेक सांधा मागे सरकवत न्यायची. आकडा जिथे एकदम पडतो, बिघाड त्या सांध्यात. चांगल्या सांध्यावर ०.१ व्होल्टही खर्च होऊ नये. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या शिशाच्या टोकावर एक सुई आणि त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर दुसरी सुई लावून पाहावी. दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या, तरी माझ्या गाडीत त्यांच्यामध्ये अर्धा व्होल्ट सापडला. क्लॅम्प सोडवला तर आतून काळा पडलेला.

हेडलाइटची वीज किती प्रवास करते ते पाहण्यासारखं आहे. सेल्फच्या सोलेनॉइडवरून, म्हणजे सेल्फला वीज सोडणाऱ्या स्विचवरून, तपकिरी तार डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून निळी तार स्टिअरिंगखालच्या हाय-लोच्या स्विचला, तिथून दोन निळ्या तारा परत इंजिनाच्या बाजूने पुढे रेडिएटरच्या पुढ्यात, तिथे पितळी बुलेट कनेक्टरांचा एक गुच्छ, मग दिवा, मग काळी तार. हे बुलेट म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेली पितळेची छोटी गोळी. दोन टोकांच्या दोन गोळ्या एका नळीत दोन्हीकडून दाबून बसवायच्या. नळीची पकड पन्नास वर्षांनी ढिली होते, जाळीतून पाऊस येतो, पितळ काळं पडतं. दोन हेडलाइटचे १० अँपिअर आणि सगळ्या वाटेत मिळून ०.२ ओहमचा अडथळा धरा. २ व्होल्ट वाटेतच संपले. १२.६ ऐवजी साडेदहा व्होल्टवर बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो, कारण उजेड दाबाच्या कितीतरी पटीने जास्त घसरतो. आणि वाटेत संपलेले २० वॅट जातात कुठे? स्विचच्या आत आणि कनेक्टरांत उष्णता होऊन. हेडलाइट लावून तासभर चालवलेल्या गाडीचा स्विच हाताला गरम लागतो तो म्हणून.

या जागी मी मूळ रचनेत भर घातली. दोन रिले बसवले. निळ्या तारा आता फक्त रिलेला इशारा देतात, आणि दिव्यांची खरी वीज सोलेनॉइडवरून फ्यूजमधून जाड तारेने थेट पुढे जाते. कारखान्याची एकही तार कापलेली नाही. उद्या कुणाला रिले नकोसे झाले तर गोळ्या परत मूळ नळीत बसतील. गाडी जशी बनली तशीच ठेवा म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे. पण इथल्या डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि गल्ल्यांतून माणसं, कुत्री, सायकली चालत असतात. ती मला दिसली पाहिजेत.

या गाडीने मला खरं शिकवलं ते मात्र दिव्यांनी नव्हे, इंजिन मध्येच बंद पडण्याने. सपाट रस्त्यावर एका वेगात गाडी तासन् तास चालायची. पुढची गाडी ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एक क्षण मरायचं. झटका बसायचा, पुन्हा जिवंत. रोज नाही, हवामान बघून नाही, गरम-थंड बघून नाही. एका गॅरेजने कॉइल बदलली, मग प्लगच्या तारा, मग पेट्रोल पंपाकडे बोट दाखवलं. बिल वाढत गेलं, झटका राहिला. मला त्या गॅरेजचा राग आहे तो चुकल्याचा नाही. कुणीही चुकतं. राग आहे तो न मोजता बदलण्याचा.

पंप मी आधी वगळला. एसयूचा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो आणि तो बोलतो: चावी फिरवली की टकटक करत कार्बोरेटर भरतो, भरले की हळू होतो आणि थांबतो. थांबलाच नाही तर टाकी रिकामी किंवा कुठे गळती. माझा पंप नीट थांबत होता. आणि पेट्रोल कमी पडलं तर इंजिन असं एका क्षणात मरत नाही, आधी अडखळतं.

निदान करून दिलं ते इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याने. हा काटा कॉइलच्या प्राथमिक, म्हणजे १२ व्होल्टच्या, वाटेवरून फेऱ्या मोजतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, म्हणजे कॉइलची वीज जोडणारी-तोडणारी छोटी टोकं, सेकंदाला १०० वेळा उघडतात, आणि प्रत्येक उघडणं काटा मोजतो. आता गाडी चालत असताना इंजिन मेलं. काटा इंजिनाबरोबर सावकाश खाली आला, तर पॉइंट अजून काम करताहेत. दोष पेट्रोलमध्ये, कंडेन्सरमध्ये किंवा पुढच्या उच्च दाबाच्या भागात शोधायचा. काटा मात्र चाकं फिरत असतानाच, गियरमध्ये गाडी असतानाच, एकदम शून्यावर आपटला, तर प्राथमिक वाटच तुटली: पांढरी तार, कॉइल, पॉइंट, किंवा पॉइंटांचं अर्थिंग. शेजारच्या सीटवर मैत्रिणीला बसवलं आणि काटा बघायला सांगितलं. ओव्हरटेक, झटका, आणि ती म्हणाली, “पडला. शून्यावर. आणि लगेच वर.”

मग मामा.

“रेस दिल्यावरच होतंय का?”

“हो. एका वेगात धावताना कधीच नाही.”

“मग आत हालतंय काहीतरी. डिस्टिब्यूटर उघड. व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढ आन् मीटर लावून बघ.”

लुकसच्या २५डी डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट ज्या तबकडीवर बसतात ती स्थिर नसते. इंजिन हलक्या रेसवर धावत असताना इंजिनाच्या ओढीवर चालणारी एक निर्वात (व्हॅक्यूम) डबी ती तबकडी थोडी फिरवते, म्हणजे ठिणगी लवकर पडते आणि पेट्रोल वाचतं. ॲक्सिलरेटर दाबला की निर्वात ओसरतो आणि तबकडी जागेवर परत येते. फिरत्या तबकडीला स्थिर बॉडीचं अर्थिंग मिळावं म्हणून दोघांमध्ये कापडी आवरणाची एक छोटी, अगदी मऊ तार असते, बोटभरही नाही. प्रत्येक रेसला ती वाकते. पन्नास वर्षांत किती वेळा वाकली असेल याचा हिशेब कोण ठेवणार. आवरण शाबूत होतं, बाहेरून बघून कुणीही ती चांगली आहे असंच म्हटलं असतं. मीटरची एक सुई तबकडीवर, एक बॉडीवर, अडथळ्याच्या मापावर. नळी तोंडात धरून ओढली, तबकडी फिरली, आकडा शून्याजवळ. सोडली, तबकडी परतली, आणि परतताना आकडा उडाला. पुन्हा ओढली, पुन्हा उडाला. आवरण कापून पाहिलं तर आतले धागे जवळजवळ सगळे तुटलेले, उरलेले एकमेकांना घासत कसेबसे टेकलेले.

एका वेगात गाडी का चालायची, ओव्हरटेक करतानाच का मरायची, हे सगळं त्या बोटभर तारेत होतं. कॉइलमधून जाणारे ४ अँपिअर त्यातून परत यायचे. त्या जागी साधी तार लावून चालत नाही, ती काही महिन्यांत कडक होऊन तुटते. मऊ, बारीक धाग्यांची खास तार मिळते, तीच लावायची. लावली. पॉइंटांमधलं अंतर ०.३८ मिलिमीटर, झाकण बंद. त्यानंतर ती गाडी ओव्हरटेक करताना कधी मेलेली नाही. व्हिडिओ कॉलवर ती तुटकी तार कॅमेऱ्यासमोर धरली तेव्हा मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पन्नास वर्सं म्हंजे लई झाली की.” मला लुकसबद्दल जे म्हणायचं आहे ते याहून चांगलं सांगता येणार नाही.

बाकीचे बिघाड माणसांनी घातलेले. डॅशबोर्डखाली डोकं घालून पाहिलं तर आधीच्या मालकांचा सगळा काळ तिथे लोंबत होता. रेडिओ आला, गेला. त्याची लाल तार हिरव्या तारेला निळ्या प्लास्टिकच्या चिमट्याने जोडलेली. हा चिमटा तारेचं आवरण कापून आतल्या धाग्यांना पात्याने भिडतो. जोडायला मिनिटही लागत नाही, म्हणून सगळे वापरतात, आणि कापलेल्या जागेतून ओल आत शिरून मूळची चांगली तार पुढे दोन्ही बाजूंनी काळी पडत जाते. फॉगलाइटच्या तारा, एका चोरघंटीच्या तारा, घरातल्या वायरिंगचे स्क्रूवाले कनेक्टर, आणि सगळीकडे एकच रंग: लाल. दुकानात लाल होती म्हणून लाल. पार्किंगच्या लाल तारेजवळून दुसऱ्याच कामाची लाल तार गेली की पुढच्या माणसाला तो रंग वाचून काहीच कळत नाही. जिथे प्रत्येक रंगाला पत्ता आहे तिथे खोटा पत्ता लिहून ठेवण्यासारखं ते आहे. त्या सगळ्या तारा मी काढल्या, कापलेल्या जागी मूळ रंगाच्याच नव्या तारा सोल्डर करून घातल्या. दोन रंगांची तार मीटरच्या मापाने विकत मिळते, फक्त मागवावी लागते.

फ्यूजचंही असंच. लुकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. ती वितळायची मर्यादा. सतत वाहण्याची क्षमता १७ अँपिअर. आज दुकानात मिळणारा ३५ चा फ्यूज बहुधा सतत ३५ वाहणारा असतो, आणि तो त्या जागी बसतोही व्यवस्थित. मग शॉर्ट झालं की फ्यूजच्या आधी तार जळते. कुणाची जुनी ब्रिटिश गाडी पाहायला मिळाली तर मी आधी फ्यूज काढून बघते.

एक गोष्ट सुरक्षेची म्हणून सांगते. पेट्रोलचा काटा टाकी भरल्याचं दाखवत राहिला तर टाकीतल्या तरंगत्या भागाला हात घालण्याआधी डॅशबोर्डमागची व्होल्टेज स्टॅबिलायझरची छोटी डबी बघावी. आतली दोन धातूंची पट्टी तापून-निवून काट्याला सरासरी १० व्होल्ट देते. तिला अर्थिंग मिळतं ते डबीच्या पत्र्यातून, एका स्क्रूवाटे. स्क्रू सैल झाला की पट्टी तापतच नाही, काट्याला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो आणि टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते. मोटारवेच्या मधोमध पेट्रोल संपणं इथे गमतीची गोष्ट नाही.

मामांशी माझा एकाच बाबतीत वाद आहे. ते म्हणतात, सगळी वायरिंग नवी टाक. याच रंगांचा, याच लांबीचा पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा तयार जुडगा, ब्रिटनमध्ये आजही बनतो. डॅशबोर्ड काढायचा, जुना ओढून काढायचा, नवा घालायचा, पुढची तीस वर्षं बघायला नको. साताऱ्यात त्यांनी जळालेल्या ट्रकांची वायरिंग रात्रभर बसून नव्याने घातलेली आहे, त्यामुळे त्यांना हे काम मोठं वाटत नाही. माझं म्हणणं असं की आवरण मऊ आहे, वाकवल्यावर तडकत नाही, आतलं तांबं कापल्यावर लाल निघतं, तोवर ती तार चांगली आहे. सांधे बदलायचे, तारा ठेवायच्या. एक्झॉस्टच्या जवळून जाणारा भाग आणि डॅशबोर्डमागचं वळण या दोन जागा मी दर वसंतात वाकवून बघते. मामा म्हणतात, वाकवून वाकवूनच तोडशील एक दिवस. या वर्षी पुन्हा वाकवून बघितल्या. तडक नाही. हार्नेस मागवलेला नाही, आणि मामांनी अजून हट्ट सोडलेला नाही.